घुमाऱ्याच्या डब्यातील गुणगुण: एक चिकित्सा

ध्वनिशास्त्र गोंगाटाची व्याख्या ‘नको असलेला आवाज’ अशी करते आणि तो नेमका कोणाला नको असावा, हा प्रश्न मोठ्या मनाने शेजाऱ्यांवर सोपवते. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत एवढ्या व्याख्येवर भागते. पंख्याने वारा द्यावा, मिक्सरने चटणी वाटावी आणि दोघांनीही ते काम शक्य तितके गुपचूप करावे, याविषयी समाजात फारसा मतभेद नाही. अडचण उभी राहते ती गिटारच्या ‘स्प्रिंग रिव्हर्ब’ या यंत्रापाशी, कारण आवाज लांबवणे, तो घुमवणे आणि संपला असे वाटत असतानाच तो पुन्हा ऐकू आणणे, हेच त्याचे विहित कर्तव्य आहे. गिटारची तार छेडल्यावर निघालेला कोरडा स्वर पोटात घ्यावा आणि एखाद्या रिकाम्या सभागृहात वाजल्यासारखा करून तो परत द्यावा, एवढे त्याचे काम. आणि हे काम ते व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या धातूपासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ताब्यात ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या घटकाच्या, साहाय्याने करते. असे यंत्र नको तो आवाज काढू लागले की ते बिघडले आहे की रंगात आले आहे, याचा निवाडा करण्यासाठी शास्त्र आणि सबुरी या दोहोंची सारखीच गरज लागते.

या अभ्यासासाठी भुसावळ हे शहर निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, तेथे शांतता नावाची पार्श्वभूमीच उपलब्ध नसल्यामुळे प्रत्येक आवाजाचे मूळ गाव शोधून काढल्यावाचून अभ्यासकाला पुढे सरकता येत नाही. मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय, मुंबईकडून आलेला लोहमार्ग जेथे नागपूर आणि खंडवा-इटारसी अशा दोन दिशांना फुटतो ते जंक्शन, त्याचे अवाढव्य यार्ड, विद्युत इंजिनांची शेड आणि मध्यरात्रीही गाडीच्या विलंबाबद्दल तितक्याच प्रसन्न स्वरात दिलगिरी व्यक्त करणारी ध्वनिक्षेपकावरची बाई, या सर्वांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला निःशब्द रात्र लाभली तर तो काळजीने उठून बसतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आवाज ऐकून दोष ओळखणे ही या शहराची जुनी विद्या आहे; कारण गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेक चाक ठोकत जाणारा आणि चाक खणखणीत वाजले तर ते धड, भद्द वाजले तर त्यात तडा, असा निकाल कानाने देणारा रेल्वे कर्मचारी येथील कित्येक घरांच्या वंशावळीत आढळतो. या विद्येचा पुढे उपयोग होणार आहे, आणि तिने घातही होणार आहे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगितल्यावाचून त्याच्या स्वभावाचा उलगडा होत नाही. स्प्रिंगमधून आवाज पाठवण्याची कल्पना १९२०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत पुढे आली, पण तिचा हेतू संगीताचा नव्हता. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवर आवाज उशिरा पोचतो, तो उशीर प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या निर्माण करण्यासाठी या स्प्रिंगा वापरल्या गेल्या. म्हणजे या यंत्राचा जन्मच विलंबाच्या अभ्यासातून झालेला असून, रेल्वेच्या गावाशी त्याचे नाते त्या दृष्टीने आतड्याचे मानावे लागेल. पुढे लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५मध्ये बाजारात आणलेला विजेवरचा ऑर्गन लोकांनी हौसेने घरी नेला, परंतु चर्चच्या उंच छताखाली जो स्वर घुमत राही तो बैठकीच्या खोलीतल्या गालिचांत आणि गाद्यांत विरून जातो, असे ध्यानात आल्यावर हॅमंड यांनी बेलच्या स्प्रिंगा आपल्या ऑर्गनसाठी कामाला लावल्या. कालांतराने हॅमंड कंपनीच्याच आटोपशीर स्प्रिंग-डब्याला लिओ फेंडर यांनी व्हॉल्व्हची जोड दिली आणि १९६१मध्ये गिटारवादकांसाठी ते एक स्वतंत्र पेटीयंत्र म्हणून विकायला काढले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी त्या ओल्या, टपटपणाऱ्या स्वराला डोक्यावर घेतले. भुसावळला समुद्र नाही, तापी आहे, परंतु ओलाव्याची ओढ कोरड्या हवेच्या गावालाच अधिक असते, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वीच सुटलेला होता, अशी हरकत कोणी घेतल्यास ती ग्राह्य आहे. सतार आणि सारंगी यांना ज्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली बसवलेल्या आणि त्यांच्या कंपनाने आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, असतात, त्या घुमाऱ्याचेच काम करतात, तेही विजेवाचून. फरक एवढाच की तरफ जुळलेली नसली तर दोष वादकाचा ठरतो, आणि स्प्रिंग कुरकुरली तर दोष यंत्राचा ठरतो. यंत्र विकत घेण्यामागे माणसाचा हा एक सुप्त हेतू असतो.

आता रचना. गिटारचा स्वर प्रथम १२एटी७ या व्हॉल्व्हकडे जातो, तेथून ६के६ किंवा तत्सम शक्तिवर्धक व्हॉल्व्ह त्याला दांडगा करतो, आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर ती शक्ती पत्र्याच्या डब्यातील चुंबकीय वेटोळ्याला पोचवतो. या लांबट डब्याची लांबी हातभरापेक्षा थोडी कमी, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर असते आणि त्यात बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. वेटोळे स्प्रिंगांना पीळ देते, तो पीळ पलीकडच्या टोकाला सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांश भागात पोचतो, तेथून परततो, पुन्हा जातो, आणि काही सेकंद अशा येरझाऱ्या घालत हळूहळू निवतो. तेवढ्या तीस-चाळीस सहस्रांशात हवेतला आवाज सुमारे १० ते १४ मीटर चालतो, म्हणजे एका प्रशस्त दालनाचे अंतर हातभर पत्र्यात घडी घालून ठेवलेले असते. पलीकडच्या टोकाचे दुसरे वेटोळे त्या पिळाचे पुन्हा विजेत रूपांतर करते, पण ती वीज इतकी क्षीण असते की तिला माणसांत आणण्यासाठी १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह तिचे प्रचंड वर्धन करतो. संकटाचे मूळ याच ठिकाणी आहे. जो क्षीण स्वराला मोठा करतो, तो त्या स्वराशेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक क्षुद्र खुसपुसीलाही तितकेच मोठे करतो, कारण व्हॉल्व्हला माणूस ओळखता येत नाही.

या खुसपुसीतील पहिली आणि सर्वांत चिवट जात म्हणजे गुणगुण. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि यंत्रात तिचा शिरकाव झाला की ५० आवर्तनांचा एक खोल स्वर अखंड ऐकू येतो. पेटीच्या भाषेत बोलायचे तर हा स्वर अतिमंद्रातील पांढरी पाचच्या किंचित वर, अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश इतका चढा, बसतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला तो आयता पंचम मिळाल्यासारखे वाटते, पण थोडा चढा असल्यामुळे तंबोरा मिळवताना जवारी घासणाऱ्या माणसाचे डोके दुखावे, नेमके तेवढेच तो दुखवतो. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्यामुळे तेथील गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बेचक्यात, धड काळीत ना धड पांढरीत, अडकून राहते; तेव्हा तिकडून आणलेले यंत्र भुसावळला पोचताच आपली पट्टी बदलते, ही सांस्कृतिक देवघेवीची दुर्लक्षित बाजू म्हणावी लागेल. शहरापासून जवळच दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. ग्रिडमध्ये मिसळलेली वीज कोणत्या गावची हे सांगता येत नाही हे खरे, तरीही आपल्या यंत्रातील गुणगुण केळीइतकीच अस्सल स्थानिक उपज आहे, असा अभिमान बाळगण्यास कोणाची हरकत नसावी.

परदेशातून आणलेल्या यंत्राची आणखी एक गोम आहे. ६० आवर्तनांसाठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० आवर्तनांवर जुंपले की त्याच्या लोखंडी गाभ्याला प्रत्येक आवर्तनात अधिक चुंबकत्व वाहावे लागते, तो अधिक तापतो आणि त्याच्या पट्ट्या अधिक कुरबुरतात. शिवाय २३० व्होल्टांचे ११० करण्यासाठी बाजूला जो दुसरा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो, तो स्वतःची गुणगुण घेऊन येतो. एका गुणगुणीच्या शोधात निघालेला अभ्यासक अशा रीतीने दोन गुणगुणींचा मालक होतो.

गुणगुणीचे दोन पोटभेद कानाने ओळखता येतात. पन्नास आवर्तनांची गुणगुण बहुधा व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांतून, तुटक्या अर्थिंगमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय प्रभावातून येते. तर बरोबर एक सप्तक वरची, म्हणजे १०० आवर्तनांची आणि थोडी खरखरीत गुणगुण, उलटसुलट विजेचे एकाच दिशेच्या विजेत रूपांतर करताना उरलेली लाट फिल्टर कपॅसिटर, म्हणजे ती लाट सपाट करणारे साठवण-घटक, पुरेशी जिरवत नसल्याचे सांगते. थोडे गाणे शिकलेल्या माणसाला हा भेद मोजमापयंत्रावाचून कळतो, आणि संगीताचे शिक्षण घरच्यांच्या दृष्टीने उपयोगी पडल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असतो.

यानंतर दोषारोपाचा टप्पा येतो, आणि तो शास्त्रीय ग्रंथांत नसला तरी व्यवहारात टाळता येत नाही. यंत्र गुणगुणू लागल्याची वार्ता गल्लीत पोचली की ‘काय भो, काय बिघडलं याचं?’ असे विचारत एकेक जाणकार येतो, आणि प्रत्येकाचे निदान त्याच्या व्यवसायाशी प्रामाणिक असते. वायरमन असलेला गृहस्थ अर्थिंगकडे बोट दाखवतो. मोबाइल दुरुस्त करणारा तरुण ‘आयसी उडाली असेल’ म्हणतो आणि आत आयसीच नाही हे कळल्यावर यंत्रापेक्षा मालकाविषयी अधिक चिंतित होतो. लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवणारा कलावंत इकोचे बटण कुठे आहे ते विचारतो, आणि हे संपूर्ण यंत्रच एक इकोचे बटण आहे असे समजावल्यावर त्याच्या किमतीचा आकडा ऐकून बराच वेळ काही बोलत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे निदान सर्वांत व्यापक असते. त्यांच्या मते दोष गिटारमध्ये, गिटार घेण्याच्या निर्णयामध्ये आणि बारावीनंतर घेतलेल्या इतर काही निर्णयांमध्ये आहे.

या सर्व निदानांत एक समान उणीव असते: प्रत्येक जण दोष कोठे आहे ते सांगतो, परंतु तो कोठे नाही हे तपासण्याची तसदी घेत नाही. खरी पद्धत वजाबाकीची आहे. प्रथम गिटारची वायर काढावी, कारण एकाच वेटोळ्याचे पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणारे चुंबक, स्वतःच हवेतली गुणगुण गोळा करीत असते. मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, कूलर आणि चोक असलेली जुनी ट्यूबलाइट बंद करावी. भुसावळच्या मे महिन्यात हा प्रयोग करणारा माणूस विज्ञानासाठी किती सोसू शकतो याची परीक्षा येथेच होते, कारण पारा ४५ अंशांच्या पुढे असताना कूलर बंद करण्याचा प्रस्ताव घरात मांडण्यापेक्षा तो स्वतः गुपचूप बंद करून पळणे अधिक सुरक्षित असते. एवढे करूनही गुणगुण राहिली तर यंत्रावरील तीन बटणांची साक्ष काढावी. स्प्रिंगांना किती जोर द्यायचा ते ठरवणारे ‘ड्वेल’ हे बटण शून्यावर आणून आवाज गेला तर दोष स्प्रिंगांच्या आधी आहे; तो तसाच राहिला आणि कोरडा व ओला स्वर मिसळणारे ‘मिक्सर’ शून्यावर नेताच गेला तर दोष स्प्रिंगांत किंवा त्यांच्या लगेच पुढे आहे; आणि दोन्ही शून्यावर असतानाही तो टिकला तर दोष अगदी शेवटच्या टोकाला, किंवा शेजारच्या अॅम्प्लिफायरमध्ये आहे. ‘टोन’ हे तिसरे बटण घुमाऱ्याला उजळ किंवा मंद करते; तपासात ते साक्षीदार म्हणून फारसे उपयोगाचे नाही, मात्र फिरवण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

दोष स्प्रिंगांच्या टोकाशी आहे असे ठरल्यावर डब्याच्या बाहेर जाणाऱ्या वायरीचा प्लग उपसावा. गुणगुण थांबली तर डबाच ती गोळा करतो आहे, आणि याचे कारण बहुधा शेजारधर्माचे असते. ज्या वेटोळ्याने स्प्रिंगची कुजबुज ऐकायची, तेच वेटोळे जवळच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच निष्ठेने ऐकते. म्हणून डब्याचे बाहेर पडणारे टोक ट्रान्सफॉर्मरपासून जास्तीत जास्त दूर ठेवणे, ते जमत नसल्यास डबा उलटा फिरवून बसवणे, हा उपाय सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत शेवटी सुचणारा आहे.

भुसावळकरांना या उपायाचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण रेल्वेने हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोडवलेला आहे. रुळांवरच्या तारांत जेव्हा २५,००० व्होल्टांची, ५० आवर्तनांची वीज आली, तेव्हा रुळांच्या कडेने खांबांवरून धावणाऱ्या उघड्या तार-दूरध्वनी वाहिन्यांत ती चुंबकीय प्रभावाने शिरू लागेल हे स्पष्ट होते. त्यामुळे विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर त्या वाहिन्या जमिनीखालच्या केबलींत घालाव्या लागल्या आणि परतीचा विद्युतप्रवाह तारांच्या जवळच बांधून ठेवणारे बूस्टर ट्रान्सफॉर्मर जागोजाग बसवावे लागले. अर्थात रेल्वेपाशी त्यासाठी स्वतंत्र विभाग आणि मंजूर निधी होता. गिटारवादकापाशी पेचकस आणि घरच्यांची दुपारची झोप एवढीच साधने असतात.

पेचकस हाती घेण्यापूर्वी एक गंभीर सूचना देणे कर्तव्य आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० व्होल्टांच्या आसपासचा दाब खेळतो, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर तो साठवून ठेवतात. यंत्र बंद आहे या समजुतीने आत बोट घालणारा माणूस घुमाऱ्याचा विषय कायमचा संपवू शकतो. म्हणून कपॅसिटर रिकामे करून, मीटरवर तो दाब उतरल्याची खात्री करूनच हात घालावा, आणि ज्याला हे येत नाही त्याने येणाऱ्याला बोलवावे. तसेच, थ्री-पिन प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकली की गुणगुण जाते, हा सल्ला जितका प्रचलित तितकाच घातक आहे, कारण त्या युक्तीने यंत्र शांत होते तसा एखादे दिवशी वादकही होऊ शकतो. गुणगुण जर यंत्र आणि अॅम्प्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणी अर्थला जोडल्यामुळे बनलेल्या वेढ्यातून येत असेल, तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावल्याने ती बहुधा उतरते. घराचे अर्थिंग जुन्या पद्धतीने कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात केलेले असल्यास उन्हाळ्यात त्यात पाणी घालणे आवश्यक असते. मात्र पाणी जपून वापरण्याच्या दिवसांत, रिकाम्या जमिनीत बादली ओतणाऱ्या आणि कारण विचारल्यावर ‘गिटारसाठी’ असे उत्तर देणाऱ्या माणसाविषयी गल्लीचे मत काय होते, याची नोंद तंत्रज्ञानाचे ग्रंथ ठेवत नाहीत.

गुणगुणीनंतर खणखणाटाचा क्रम लागतो. व्हॉल्व्हच्या आतील धातूच्या जाळ्या आणि पट्ट्या कालांतराने सैल झाल्या की बाहेरचा धक्का त्यांना थरथरवतो आणि ती थरथर विजेत उतरून ध्वनिवर्धकातून बाहेर पडते. असा व्हॉल्व्ह मायक्रोफोन बनलेला असतो. तपासणीची रीत अशी की यंत्र चालू ठेवून, पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने किंवा कोरड्या बांबूच्या काडीने एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच टिचकी मारावी आणि कान द्यावा. भुसावळची पूर्वोक्त विद्या येथे कामी येणार, अशी साहजिक अपेक्षा निर्माण होते, आणि घरात रेल्वेच्या कॅरेज विभागातून निवृत्त झालेले आप्पा असतील तर ती तत्काळ पूर्णही होते. आप्पा खुर्ची ओढून बसतात, काडी हातात घेतात, पहिल्या व्हॉल्व्हवर ठोका देतात, ध्वनिवर्धकातून घंटेसारखा स्पष्ट नाद उमटतो, आणि सेवेतील सगळ्या अनुभवाच्या बळावर ते निकाल देतात: ‘खणखणीत आहे भो, याला काही झालं नाही. पुढचा घे.’ पुढचा व्हॉल्व्ह जेमतेम ‘ठप्’ करतो, आणि आप्पा मान हलवून तो बाद करायला सांगतात. नातवाने ‘आप्पा, वाजतोय म्हणूनच तो खराब आहे; न वाजणारा चांगला,’ असे सांगितल्यावर त्यांना जो धक्का बसतो तो केवळ तांत्रिक नसतो; जन्मभर ज्या न्यायाने चाके वाचवली तो न्याय काचेच्या नळीने उलटा करून दाखवावा, हे त्यांना बेशिस्तीचे वाटते. तरीही न्यायाने पाहता आप्पांचा कान अचूक होता. त्यांनी दोषी नेमका ओळखला, फक्त त्याला बढती दिली.

तिसरी जात फुसफुशीची. हा वाऱ्यासारखा अखंड आवाज मुख्यतः १२एएक्स७च्या टप्प्यावर निर्माण होतो, आणि त्याचा काही भाग निसर्गनियमाने अटळ आहे, कारण कोणत्याही रेझिस्टरमधील, म्हणजे विद्युतप्रवाहाला अडवणाऱ्या घटकातील, इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चुळबुळत असतात. हे कळताच भुसावळच्या उन्हाळ्यावर सर्व खापर फोडण्याची उबळ येते, परंतु गणित ती सोय ठेवत नाही: ही चुळबुळ निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने पारा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेला तरी फुसफूस अवघी चारेक टक्क्यांनीच वाढते, जी कोणाच्याही कानाला कळणार नाही. उन्हाळ्याचा खरा उपद्रव सावकाश होतो. फिल्टर कपॅसिटरच्या आतील ओलावा उष्णतेने सुकत जातो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य अदमासे निम्मे होते असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणजे आज फुसफुशीबद्दल ज्या उन्हाळ्याला बोल लावला जातो, तो निर्दोष असतो, आणि काही वर्षांनी शंभर आवर्तनांची गुणगुण सुरू होते तेव्हा त्याचे नावही कोणी घेत नाही. फुसफूस खरोखरच बेसुमार असेल, किंवा तीत पापड मोडल्यासारखी कडकड मिसळली असेल, तर व्हॉल्व्हच्या अॅनोडला जोडलेला जुना कार्बनचा रेझिस्टर बदलून मेटल फिल्मचा बसवावा. तो काही रुपयांत मिळतो, आणि तो घ्यायला गेल्यावर दुकानदार ‘एवढ्यासाठी आलात?’ अशा नजरेने पाहतो, ही त्याची खरी किंमत होय.

चौथी जात स्प्रिंगांच्या स्वतःच्या बोलण्याची. स्प्रिंगला धक्का आणि स्वर यांतील भेद कळत नसल्यामुळे यंत्र हलवले, टेबलाला गुडघा लागला किंवा वरच्या मजल्यावर कोणी पाटा सरकवला, तरी ध्वनिवर्धकातून ढग फुटल्याचा गडगडाट होतो. सूक्ष्म कंपने टिपण्याच्या बाबतीत हा डबा भूकंपमापकाचा दूरचा नातेवाईक शोभतो, आणि खान्देशाला हे विज्ञान नवे नाही. एरंडोल तालुक्यातील फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती याच तत्त्वावर उभी राहिली, की एक मनोरा हलवला तर दुसरा आपोआप हलावा. यार्डालगतच्या घरात हे तत्त्व रोज प्रत्ययाला येते. भरलेली मालगाडी निघाली की आधी जमीन, मग टेबल आणि मग स्प्रिंगा थरथरतात, आणि चालू ठेवलेले यंत्र खोल, दूरच्या वादळासारखा आवाज करून तिची वर्दी देते. डबा मऊ रबरावर किंवा फोमवर बसवणे, त्याची उघडी बाजू योग्य दिशेला ठेवणे, आतील स्प्रिंग सुटून पत्र्याला घासत नाही ना ते पाहणे, आणि यंत्र अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर न ठेवता वेगळ्या स्टुलावर ठेवणे, हे यावरचे उपाय होत. शेवटचा उपाय विशेष महत्त्वाचा, कारण ध्वनिवर्धकाची थरथर स्प्रिंगांत, स्प्रिंगांची पुन्हा ध्वनिवर्धकात, असे चक्र सुरू झाले की जी आरोळी निघते ती ऐकून यार्डातले शंटिंगसुद्धा क्षणभर थबकावे.

पाचवी जात पाहुण्यांची. एखादा कच्चा डाख, म्हणजे नीट न वितळलेला सोल्डरचा जोड, किंवा गंजलेला प्लग रेडिओलहरी उलगडण्याचे काम नकळत करू लागतो, आणि मध्यम लहरींच्या भरभराटीच्या काळात गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून आकाशवाणीची शेतकऱ्यांसाठीची माहिती ऐकू येण्याचे प्रकार त्यामुळेच घडत. व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, लागून एक छोटा रेझिस्टर लावणे हा त्यावरचा उपाय आहे. त्याच्या जोडीला, यंत्रावर ठेवलेला मोबाइल फोन घंटी वाजण्याच्या आधी काही क्षण ‘टुकटुक-टुकटुक’ असा ताल धरतो. हा ताल नको असलेल्या आवाजांत मोडत असला तरी फोन कोणाचा आहे हे कळण्याआधी घराबाहेर पडायला तो पुरेसा अवधी देतो.

एवढा सगळा खटाटोप करून शेवटी जो खरा अपराधी हाती लागतो, तो बहुतेक वेळा सर्वांत नगण्य असतो: डब्यापासून यंत्रापर्यंत जाणारी वीतभर वायर, जिच्या बाहेरच्या जाळीचा एक धागा तुटलेला आहे, किंवा जिचा प्लग काळवंडून सैल झाला आहे. महागडे व्हॉल्व्ह बदलले गेले, उन्हाळा बदनाम झाला, अर्थिंगला पाणी पाजले गेले, आप्पांचा अनुभव पणाला लागला, आणि दोष मात्र ज्या वायरीकडे कोणाचे लक्षही गेले नाही तिच्यात होता. कारण दोष शोधताना माणूस दोषाच्या जागी जात नाही, तो स्वतःला ठाऊक असलेल्या जागी जातो. वजाबाकीची पद्धत कंटाळवाणी असली तरी तिचा मोठा गुण हा की ती या सवयीला थारा देत नाही. तिच्या लेखी व्हॉल्व्ह, वायर आणि वडीलधारे सारखेच संशयित असतात आणि प्रत्येकाला एकेकदा बाजूला काढूनच निर्दोष ठरवावे लागते.

दुरुस्ती पूर्ण झाली हे कसे ओळखावे, याविषयी मात्र शास्त्राने कच खाल्ली आहे. पूर्ण शांतता हा निकष लावता येत नाही, कारण व्हॉल्व्हचे जे यंत्र जराही फुसफुसत नाही ते बंद पडलेले असते. मोजमापाचा आकडाही पुरेसा नाही, कारण आकडा शेजाऱ्यांना ऐकू येत नाही. व्यवहारात टिकलेला निकष एकच आहे, आणि तो तक्रारीच्या स्वरूपावर आधारलेला आहे. यंत्र बिघडलेले असते तोवर शेजारी ‘तुमच्याकडे काहीतरी गुणगुणतंय’ असे सांगत येतात आणि त्यांच्या बोलण्यात सहानुभूती असते. यंत्र निर्दोष झाले की तेच शेजारी ‘तुमच्याकडे कोणीतरी गिटार वाजवतंय’ असे सांगत येतात. वजाबाकीची पद्धत त्या क्षणी आपले अखेरचे उत्तर देते, कारण गिटार, पंखा, कूलर, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि वायर हे सर्व एकेक करून निर्दोष सुटल्यावर तपासायचा उरतो तो एकच घटक, आणि तो बदलून मिळावा यासाठी आप्पांनी जुन्या ओळखीच्या दुकानांत केलेल्या चौकशीला आजवर यश आलेले नाही.